टंकशंका: नक्षीदार स्लॅब सेरिफ

प्रश्न: महोत्सवाच्या पोस्टरवर इंग्रजी शीर्षक 'रोझवूड' या नक्षीदार स्लॅब सेरिफ (अक्षरांना जाड चौकोनी पाय असलेल्या) फॉन्टमध्ये दोन रंगांत घेतलं. छापून आल्यावर शब्दाच्या शेवटाकडे नक्षी आतल्या रंगावरून सरकलेली दिसते. चूक प्रेसची की फाईलची? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: फाईलची. रजिस्ट्रेशन, म्हणजे छापताना रंगांची एकमेकांवरची जुळणी, हललं असतं तर पहिलं अक्षरही शेवटच्याइतकंच सरकलं असतं. फरक वाढत जातो तेव्हा दोन थरांचं कर्निंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वेगळं असतं.

रोझवूडमध्ये 'फिल' म्हणजे भरीव अक्षर आणि 'रेग्युलर' म्हणजे नक्षीचं. कर्निंग 'ऑप्टिकल'वर असेल तर सॉफ्टवेअर अक्षराचा आकार बघून अंतर ठरवतं. आकार दोन, म्हणून अंतरंही दोन. 'मेट्रिक्स' निवडा, म्हणजे फॉन्टमध्येच ठरवून दिलेलं अंतर वापरलं जाईल. आधी 'फिल'ची ओळ लावा आणि हाताने करायचं कर्निंग तिथेच उरका. मग कॉपी करून 'पेस्ट इन फ्रंट' करा आणि वरच्या ओळीचा फक्त फॉन्ट आणि रंग बदला. ४०० टक्के मोठं करून शेवटचं अक्षर तपासा, त्यानंतरच आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा.

फिका रंग खाली, गडद वर, आणि वरच्याला ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छपाई. पिवळ्यावर काळा किंवा लाल उत्तम बसतो. निळा मात्र हिरवट होतो, तिथे ओव्हरप्रिंट काढून फिका रंग गडदाखाली पाव पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) पसरवा. स्क्रीन प्रिंटिंगला एक पॉइंटही लागतो.

ही युक्ती मुळात लाकडी टाइपाची. अमेरिकेत कनेटिकटमधल्या विल्यम पेज यांनी १८७४ मध्ये रंगीत लाकडी टाइपाचं नमुनापुस्तक काढलं. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा ठसा होता, आणि रंग एकमेकांवर चढले की तिसरा रंग फुकटात मिळे. अडोबीने १९९४ मध्ये आणलेला रोझवूड पेज यांच्याच एका नक्षीदार क्लॅरेंडनवर (स्लॅब सेरिफचा एक प्रकार) बेतलेला आहे.

प्रश्न: हेच अक्षर व्हिजिटिंग कार्डावर चालेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर: नक्षीचं नाही. आतल्या पांढऱ्या रेषा अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक झाल्या की शाई त्या गिळते, अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदावर तर आणखी लवकर. नुसता 'फिल' वापरा. तो एकटाही देखणा आहे.

प्रश्न: सोबतच्या मराठी ओळीसाठी अक्षरांना तसेच चौकोनी पाय काढले, पण वाचताना अडखळायला होतं. (वाचक, नाशिक)

उत्तर: पाय काढून टाका. दंडाच्या, म्हणजे अक्षराच्या उभ्या रेघेच्या, बुडाशी उकारांची जागा असते. तिथे आडवी पट्टी आली की 'कुसुम'चे दोन्ही उकार तिला चिकटतात आणि काना शेजारच्या अक्षरात घुसतो. देवनागरीला जाड आडवी रेघ वर आहेच, ती शिरोरेषा. तिलाच वजन द्या. 'मुक्त' या देवनागरी फॉन्टचं एक्स्ट्राबोल्ड (खूप जाड रूप) साधं असलं तरी शेजारी नीट उभं राहतं. 'रोझा वन' या दुसऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये जाड-बारीक फरक टोकाचा आहे, त्यामुळे सगळ्या रेषा जवळपास सारख्या जाडीच्या असलेल्या स्लॅबशेजारी तो परका वाटतो. आकार जुळवताना पॉइंटचे आकडे बघू नका. शिरोरेषेपासून दंडाच्या टोकापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलइतकी ठेवा, आणि वेलांटी-मात्रांसाठी वर जागा सोडा.