२६ डिसेंबरचा रग्बी सामना : गर्दी जमवण्याआधी बारच्या मागचा कागद वाचा

इंग्लंडमधल्या आपल्या गावातील रग्बी क्लबने २६ डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला, शेजारच्या गावाच्या क्लबाशी सामना ठरवला आहे, एरवी शे-दीडशे माणसे येतात तेथे या वेळी हजारभर यावीत अशी समितीची इच्छा आहे, आणि जाहिरात कशी करावी व तिकीट किती ठेवावे, असे आपण विचारले आहे. इंग्लंडच्या मध्य भागातील अशाच एका छोट्या क्लबच्या समितीवर मी काही हंगाम होतो, त्यामुळे आपला प्रश्न वाचताना आमच्या त्या वर्षीच्या बैठकाच डोळ्यांसमोर आल्या. जाहिरात आणि तिकीट यांबद्दल मी फार लिहिणार नाही. पोस्टर, शाळांमधून पत्रके, फेसबुकवरचे गावचे गट, मुलांना मोफत प्रवेश या गोष्टी आपली समिती करीलच. आमचा सामना त्यांतल्या कशानेही बिघडला नाही. तो बिघडला दारूच्या परवानगीवरून, आणि आपल्या प्रश्नात त्या विषयाचा उल्लेखच नसल्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आधीच सांगतो की मी वकील नाही, आणि पुढील सर्व नियम इंग्लंड व वेल्सचे आहेत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. शुल्क आणि मुदती अर्ज करण्यापूर्वी आपल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, संकेतस्थळावर एकदा तपासून घ्याव्यात.

या दिवशी माणसे का येतात, याबद्दल माझे मत ठाम आहे. ती रग्बीसाठी येत नाहीत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर गेलेली मुले त्या आठवड्यात आईवडिलांकडे परतलेली असतात, आदला पूर्ण दिवस घरात बसून आणि खाऊन गेलेला असतो, जुने खेळाडू वर्षातून एकदा एकमेकांना भेटू पाहतात आणि त्यासाठी सामना हे सोयीचे निमित्त असते. लीड्समध्ये तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगचा, लीड्स आणि वेकफिल्ड यांच्यातला बॉक्सिंग डेचा सामना वर्षानुवर्षे याच बळावर चालत आला आहे. सुपर लीग ही त्या खेळाची मुख्य स्पर्धा १९९६ पासून उन्हाळ्यात खेळली जाते, त्यामुळे डिसेंबरातल्या त्या सामन्याला गुणतक्त्यात काडीचे महत्त्व नसते, तरी लोक हेडिंग्लीच्या मैदानावर जातात. उलट आपल्या समितीतील कोणी लंडनच्या हार्लेक्विन्स क्लबचे उदाहरण देत असेल, तर त्याला प्रेमाने थांबवावे. त्या क्लबने २००८ च्या नाताळात आपले नेहमीचे स्टूप मैदान सोडून रस्त्यापलीकडच्या ट्विकेनहॅमच्या राष्ट्रीय मैदानावर लेस्टरविरुद्धचा सामना नेला आणि ५०,००० प्रेक्षक जमवले, हे खरे आहे. पण त्यांच्यामागे व्यावसायिक संघ, पगारी विक्री विभाग आणि लंडनसारखे शहर होते. आपल्यामागे दोन निवृत्त शिक्षक आणि पालकांचा एक व्हॉट्सअॅप गट असणार.

आणि निमित्ताने आलेली माणसे टिकतात ती बारमुळे. हे कोणाला कमीपणाचे वाटण्याचे कारण नाही, कारण नाताळाच्या रग्बीचा भारतातील इतिहासही हेच सांगतो. कलकत्त्यात २५ डिसेंबर १८७२ रोजी इंग्लंडच्या खेळाडूंचा संघ विरुद्ध स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांचा मिळून एक संघ असा सामना झाला, त्यातून पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला आणि काही वर्षांत तो ओसरला. ओसरण्यामागे तिकडची हवा आणि पोलो-टेनिसचे आकर्षण होतेच, पण फुकटचा बार बंद करावा लागल्यावर सभासद लक्षणीय घटले, हेही एक कारण सांगितले जाते. अखेर बँकेतील शिल्लक चांदीचे २७० रुपये वितळवून त्यांनी जो चषक घडवला, त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळत आहेत.

आता मुख्य विषय. आपल्या क्लबहाऊसमध्ये बार आहे म्हणजे दारू विकण्याची परवानगी आहे, असे आपली समिती गृहीत धरत असेल. परवानगी आहे, पण कोणाला विकण्याची, हा प्रश्न आहे. अनेक जुन्या क्लबांकडे २००३ च्या लायसन्सिंग कायद्याखालील क्लब प्रीमाइसेस सर्टिफिकेट असते. त्यानुसार सभासदांना आणि सभासदाने सोबत आणलेल्या खऱ्याखुऱ्या पाहुण्यांना दारू देता येते. रस्त्यावरून आत आलेल्या प्रेक्षकाला देता येत नाही. फाटकावरच अर्ज भरून घेऊन सर्वांना सभासद करावे, ही युक्ती प्रत्येक समितीत कोणाला ना कोणाला सुचते. ती चालत नाही, कारण अर्ज आणि सभासदत्व मिळणे यांत किमान दोन दिवसांचे अंतर कायद्यानेच घातले आहे. पाहुण्या संघाची सोय मात्र होऊ शकते : आपल्या क्लबच्या नियमावलीत सहयोगी सभासदांची तरतूद असेल, तर दुसऱ्या मान्यताप्राप्त क्लबचे सभासद त्या नात्याने बारवर येऊ शकतात. म्हणजे शेजारच्या गावचे खेळाडू आपल्याकडे निवांत बिअर पितील आणि आपल्याच गावातील, क्लबचे सभासद नसलेले लोक बाहेर उभे राहतील.

यावरचा उपाय म्हणजे टेम्पररी इव्हेंट नोटीस, म्हणजे त्या एका कार्यक्रमापुरती सर्वांना दारू विकण्यासाठी कौन्सिलला द्यायची सूचना. शुल्क २१ पौंड. कार्यक्रमाच्या आधी पूर्ण दहा कामकाजाचे दिवस हाती असावे लागतात, त्यांत नोटीस पोहोचण्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस धरत नाहीत, आणि शनिवार, रविवार व बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) वगळले जातात. २०२५ च्या शुक्रवारी आलेल्या २६ डिसेंबरचे गणित मांडले, तर शेवटची तारीख १० डिसेंबर येते. ती चुकली तर पाच ते नऊ कामकाजाचे दिवस आधी देता येणारी उशिराची नोटीस असते, आणि सर्व दुखणे या दुसऱ्या प्रकारात आहे. वेळेवर दिलेल्या नोटिशीला पोलिसांनी किंवा पर्यावरण-आरोग्य विभागाने हरकत घेतली, तर सुनावणी होते, अटी घालून तडजोड होऊ शकते. उशिराच्या नोटिशीला एक हरकत आली की ती संपली. सुनावणी नाही, बाजू मांडणे नाही. त्यानंतरही विक्री केल्यास तो गुन्हा असून त्यासाठी अमर्याद दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आमचे काय झाले ते आता सांगतो. आमच्या सेक्रेटरींनी ऑक्टोबरातच कौन्सिलच्या परवाना कार्यालयाला लेखी विचारले होते की मैदानाच्या कडेला तंबू घालून त्यात बार लावायचा आहे, तर आमचे सर्टिफिकेट पुरेल काय. उत्तर ईमेलने आले नाही, फोनवर आले, आणि पुरेल असे आले. ते लेखी द्यावे, अशी विनंती त्यांनी त्याच दिवशी ईमेलने केली, पुढे पुन्हा आठवण केली, आणि दोन्ही वेळा पत्र मिळाल्याची आपोआप येणारी पोच तेवढी मिळाली. मग डिसेंबरच्या मध्याला, दहा दिवसांची मुदत उलटून गेल्यावर, त्याच कार्यालयातील दुसऱ्या अधिकाऱ्याचे पत्र आले की जाहिरातीवरून हा कार्यक्रम सर्वांसाठी खुला दिसतो, सबब नोटिशीशिवाय विक्री करता येणार नाही. फोनवरील संभाषणाची नोंद त्यांच्याकडे नव्हती. आम्ही उशिराची नोटीस दिली, तिच्यावर तंबूतील संगीताचा शेजाऱ्यांना त्रास होईल अशी हरकत आली, आणि विषय संपला. आम्ही संगीत रद्द करायला एका पायावर तयार होतो, पण ते ऐकून घेण्याची तरतूदच त्या प्रकारात नाही. शुल्कही परत मिळाले नाही.

सामन्याला गर्दी उत्तम झाली, आणि म्हणूनच नुकसान मोठे झाले. सभासद व त्यांचे पाहुणे क्लबहाऊसमध्ये खांद्याला खांदा लावून उभे होते आणि बाकीचे लोक रिकाम्या तंबूत चहाच्या रांगेत. मध्यंतरालाच गाड्या बाहेर पडू लागल्या. बिअरचे न उघडलेले केग (बंद पिंपे) पुरवठादाराने परत घेतले, पण कास्क एलची, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या बिअरची, दोन पिंपे आदल्या दिवशीच टोचून ठेवली होती, आणि ती एल उघडल्यावर तीनेक दिवसच चांगली राहते. तंबूचे भाडे, ती एल आणि बुडालेली विक्री धरून वर्षाच्या नफ्याचा मोठा भाग त्या एका दुपारी गेला. नंतर केलेल्या तक्रारीला आलेल्या उत्तरात आमच्या गैरसोयीबद्दल सहानुभूती व्यक्त केली होती. असो, त्या पत्राबद्दल लिहू लागलो तर हे उत्तर संपणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की कार्यालयाला काही विचारण्याच्या फंदात न पडता सरळ सप्टेंबर-ऑक्टोबरातच वेळेवरची नोटीस द्यावी. गरज नसताना दिली तर २१ पौंड जातात, एवढेच. अर्ज ऑनलाइन करावा, म्हणजे पोलिसांना आणि पर्यावरण-आरोग्य विभागाला प्रती कौन्सिलच पाठवते. त्या दोघांना हरकत घेण्यासाठी तीन कामकाजाचे दिवस असतात, ते उलटेपर्यंत तंबूची आगाऊ रक्कम भरू नये. दुसरे बंधन संख्येचे आहे : नोटिशीखालील जागेत एका वेळी, कर्मचारी धरून, ४९९ पेक्षा जास्त माणसे चालत नाहीत. आपल्याला हजार माणसे हवी आहेत, म्हणून नोटिशीत संपूर्ण मैदान लिहू नये. फक्त तंबू आणि त्याभोवतीचा कुंपण घातलेला भाग लिहावा, नकाशा जोडावा आणि दाराशी मोजणीयंत्र घेऊन दोन माणसे उभी करावीत. पालकांचा गट मल्ड वाइन (मसाले घातलेली गरम वाइन) विकणार असेल तर त्यांचे टेबलही त्याच कुंपणात हवे. देणगी द्या आणि ग्लास घ्या, असे लिहिले तरी ती विक्रीच ठरते. तंबू घातलाच आहे तर बँडही लावू, असे कोणी म्हणाले तर माझे मत स्पष्टपणे विरोधात आहे. हरकतीला कारण पुरवून आपल्याला काय मिळते?

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. मैदान दिसत असताना दारू पिण्यावरची १९८५ च्या कायद्यातील बंदी फुटबॉलसाठी आहे, रग्बीला ती लागू नाही. बाहेरून आणलेले सुरक्षारक्षक बहुधा फुटबॉलच्या सवयीने प्रेक्षकांच्या हातातील ग्लास काढून घेऊ लागतात, तेव्हा त्यांना हे सकाळीच समजावून सांगावे. मात्र ग्लास कुंपणाबाहेर नेण्याबद्दल आपल्या नोटिशीत काय लिहिले आहे, तेही पाहावे.

आता काही किरकोळ सूचना, ज्यांचा बारशी संबंध नाही. २६ तारखेला ब्रिटनमध्ये रेल्वे जवळजवळ बंद असते आणि बसही तुरळक, त्यामुळे शेजारचा क्लब निवडला हे योग्य केलेत, पण गाड्या लावण्यासाठी जवळच्या शाळेचे किंवा चर्चचे आवार आताच मागून ठेवा. त्या दिवसांत सूर्य चारच्या सुमारास मावळतो, म्हणून चांगले फ्लडलाइट नसतील तर किक-ऑफ एक वाजता ठेवावा, दोनला ठेवू नये. दुखापतींचा वेळ धरला तर शेवटची मिनिटे अंधुक उजेडात जातात. मैदान गोठण्याची भीती खरी आहे. पंचांबरोबर पाहणी कोणत्या वेळी होईल आणि निर्णय कोठे कळेल, हे जाहिरातीतच छापावे. सामना रद्द झाला तरी क्लबहाऊस उघडे राहील, असेही छापावे, कारण निम्मे लोक तरीही येतात. संघ निवडणाऱ्यांना आठवण करावी की फ्रंट रोचे, म्हणजे दोन्ही संघ गुंतून एकमेकांना ढकलतात त्या स्क्रममध्ये पहिल्या ओळीत असणारे, राखीव खेळाडू नक्की येणार आहेत ना, हे नाताळापूर्वी विचारून ठेवायचे असते. ते नसले तर स्क्रम न ढकलता, नाममात्र होतात आणि जुने फॉरवर्ड टच लाइनवर उभे राहून दिवसभर तेच बोलतात. रॅफलची (बक्षिसांच्या सोडतीची) तिकिटे फक्त मैदानावर, सामन्याच्या वेळी विकली तर वेगळी नोंदणी लागत नाही. आठवडाभर आधी गावात विकायची असतील तर कौन्सिलकडे लॉटरीची नोंदणी करावी लागते, आणि ते काम पुन्हा तसल्याच एखाद्या खिडकीशी जाऊन पोहोचते.

तिकिटाबद्दल एकच वाक्य : माझ्या मते प्रवेश मोफत ठेवावा आणि कार्यक्रमपत्रिका विकावी. पण आमच्या समितीतील निम्मे लोक आजही याच्याशी असहमत आहेत, तेव्हा हे निव्वळ मत समजावे.

उद्या क्लबमध्ये गेलात की बारच्या मागे भिंतीवर लावलेला परवान्याचा सारांश पाहा, तो दर्शनी भागी लावणे बंधनकारक असते. त्यावर क्लब प्रीमाइसेस सर्टिफिकेट असे लिहिले असेल तर वरील सर्व लागू आहे. प्रीमाइसेस लायसन्स असे लिहिले असेल तर सर्वसामान्य प्रेक्षकांनाही विक्री करता येते, आणि मग मंजूर नकाशातील सीमारेषा फक्त इमारतीभोवती आहे की मैदानही तिच्या आत येते, एवढेच तपासायचे उरते. दोन्हींपैकी काय आहे ते येथे कळवा, म्हणजे तंबू कोठे घालावा याबद्दल नेमके काही सांगता येईल.