केडीई आधीच होतं, तर गनोम वेगळं का काढलं?

केडीई आणि गनोम हे दोन्ही लिनक्सवरचे डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू, बटणं असलेला पडदा. भांडण दिसण्यावरून नव्हतं, सॉफ्टवेअरच्या परवान्यावरून होतं. मातियास एट्रिशने ऑक्टोबर १९९६ मध्ये केडीई जाहीर केलं ते क्यूटी या टूलकिटवर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या तयार कोडच्या संचावर. ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीचं क्यूटी मुक्त (कोणीही बदलावेत, वाटावेत अशा) प्रोग्रामांसाठी फुकट मिळायचं, पण त्यात बदल करून ते पुढे वाटायची मुभा नव्हती. म्हणजे घर आपलं, पाया दुसऱ्याचा. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी गनोम सुरू केलं, जीटीके हे दुसरं टूलकिट घेऊन. हे जीटीके मुळात गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामसाठी लिहिलेलं, आणि पूर्ण मुक्त. गनोमच्या पहिल्या घोषणेतच म्हटलंय की हे केडीईसारखंच, पण सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर.

मात्र हे कारण आता उरलेलं नाही. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आलं आणि वाद मिटला. तोवर दोन्हीकडे आपापली माणसं जमली होती, ती काय परत जातात! त्यामुळे आज परवाना बघून निवडू नका. दोन्ही टाका, लॉगिनच्या पडद्यावर हवं ते निवडा. केडीईचे प्रोग्राम गनोममध्येही चालतात, फक्त बटणं थोडी परकी दिसतात.