मे अखेरीस लग्न, दोघांनाही धाडसी हनिमून हवाय : नेपाळ, न्यूझीलंड की बाली?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचेच दिवस आठवले. तुम्ही दोघं दापोलीचे, मे अखेरीस लग्न, हातात बारा दिवस. रिसॉर्टवर लोळायचं नाही, डोंगर आणि समुद्र दोन्ही हवेत. रसाळ-सुमार-महिपत हा तीन गडांचा ट्रेक दोघांनी मिळून केलाय, पण पोहणं तुम्हाला येतं, तुमच्या होणाऱ्या बायकोला जेमतेम. मी देवबागची, सासर वेंगुर्ल्याला. आमचं लग्नही मे अखेरीसच झालं आणि जून २०२३ मध्ये आम्ही इंडोनेशियाला गेलो. तुम्हालाही तेच सांगेन, पण बालीपुरतं थांबू नका. बाली, शेजारचं लोंबोक बेट आणि त्यापलीकडच्या फ्लोरेस बेटाच्या टोकाजवळचा कोमोडो असे तिन्ही टप्पे करा.

कारण हवामानाचं आहे. जूनमध्ये नेपाळात पाऊस सुरू होतो, डोंगर ढगात जातात आणि वाटांवर जळवा निघतात. नेपाळ ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी ठेवा. न्यूझीलंडला तेव्हा हिवाळा असतो, मिलफर्ड ट्रॅकसारख्या मोठ्या पायवाटांचा हंगाम एप्रिलअखेर संपतो. डिसेंबरचं लग्न असतं तर मी डोळे मिटून न्यूझीलंड सांगितलं असतं. बाली ते फ्लोरेस हा पट्टा मात्र विषुववृत्ताच्या खाली आहे. मे ते सप्टेंबर तिथे ऑस्ट्रेलियाकडून कोरडा आग्नेय वारा येतो. आपल्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, तेव्हा तिथला मोसम ऐन भरात असतो. आम्ही कोमोडोत होतो तेव्हा अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंघावत होतं. बाबा फोनवर इथल्या लाटांचं सांगत होते आणि माझ्यासमोर काचेसारखं पाणी होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे दिवसांचा क्रम. आधी डोंगर, मग समुद्र, आणि परतीच्या विमानाआधीचा एक अख्खा दिवस कोरडा. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन अंगात विरघळतो. डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसलात किंवा उंच डोंगरावर गेलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेततं. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत असा नियम आहे, आम्ही २४ धरले. बऱ्याच तयार पॅकेजांत पहिल्याच दिवशी डायव्हिंग आणि दुसऱ्या पहाटे ज्वालामुखी असतो. असं वेळापत्रक हातात आलं तर बदलून घ्या.

डोंगरात सोपा पर्याय बालीतला बातूर, १,७१७ मीटर. रात्री दोनला हॉटेल सोडायचं, अंधारात बॅटरी लावून दोनेक तास चढायचं आणि सूर्योदय माथ्यावर बघायचा. तुम्हाला अजिबात जड जाणार नाही, फक्त वर थंडी वाजते, जाड जॅकेट घ्या. पायाखालची सुटी राखाडी खडी मात्र उतरताना घसरवते. खरी परीक्षा लोंबोकच्या रिंजानीची. शिखर ३,७२६ मीटरवर आहे. आम्ही शिखर केलं नाही. सेंबालुन गावातून निघून २,६३९ मीटरवरच्या विवराच्या काठापर्यंत गेलो, रात्र तंबूत काढली आणि दुसऱ्या दिवशी उतरलो. सकाळी तंबूची चेन उघडली तर खाली निळं तळं आणि त्यात आणखी एक लहान ज्वालामुखी. तेवढ्याने आमचं मन भरलं. शिखराची वाट पहाटेच्या अंधारात सुट्या राखेवरून जाते आणि बाजूला खोल दरी आहे. २०२५ च्या जूनमध्ये तिथे एक ब्राझिलियन तरुणी पडून दगावली. गाइडने दोघांपैकी कुणालाही मागे एकटं सोडायचं नाही, हे आधीच ठणकावून सांगा.

समुद्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथेच तुमच्या बायकोचा प्रश्न आहे.

पॅसिफिकचं पाणी या बेटांमधल्या चिंचोळ्या फटींतून हिंदी महासागरात उतरतं. बाली आणि लोंबोकमधली सामुद्रधुनी ही त्यातली एक मोठी वाट. त्यात भरती-ओहोटीची भर पडली की बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटापाशी आणि कोमोडोला पाण्याची ओढ भयंकर वाढते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती सर्वांत जास्त, अष्टमीला कमी. आपल्याकडे उधाणाची आणि भांगाची भरती म्हणतात, तेच गणित. म्हणून आम्ही पंचांग उघडून कोमोडोच्या डाइव्ह अष्टमीच्या आगेमागे, १० ते १२ जूनला बसवल्या. तुम्हीही तसंच करा.

पेनिडाला मात्र आमचं चुकलं. पौर्णिमेला दोन दिवस झाले होते, उधाण भरात होतं, आणि स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क लावून वरूनच तरंगत पाण्याखालचं बघायची, सहल आम्ही घाईने घेतली. बोट नांगरली तेव्हा मी दोरीकडे बघितलं. दोरीमागे पाण्याला लांब शेपटी फुटली होती, म्हणजे बोट उभी आणि पाणी नदीसारखं धावत होतं. माहिती जेमतेम दोन मिनिटं दिली आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं. लहानपणी बाबांनी कर्ली नदीच्या मुखाशी हजारदा बजावलेलं मला ऐकू आलं, ‘खाडीच्या तोंडार सुकतीक उतरायचा नाय,’ म्हणजे ओहोटीला उतरायचं नाही. मी नाही म्हटलं. नवऱ्याला उतरायचं होतं, पट्टीचा पोहणारा आहे, पण तोही माझ्याजवळ बसून राहिला. पैसे परत मिळाले नाहीत. त्या दिवशी त्याच्याबद्दल मला जे वाटलं ते इथे लिहून सांगता येणार नाही. तुम्ही दोघं निघण्याआधीच ठरवून ठेवा, की एकाने नाही म्हटलं की विषय संपला, का म्हणून विचारायचं नाही.

तिला पोहणं जेमतेम येतं, तर एप्रिलमध्ये लग्नाच्या गडबडीतून आठवडा काढा. विहिरीत पाठीला डबा बांधून का होईना, पाण्यात अंग सैल सोडायला शिकू दे. मग तारकर्लीला मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. मेच्या अखेरीस वॉटर स्पोर्ट्स बंद होतात, त्याआधी जा. तिथे भीती गेली तर पुढे कोमोडोत मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेला अवाढव्य चपटा मासा, बघण्यासाठी डायव्हिंगचीही गरज नाही. मकासर रीफवर लाइफ जॅकेट घालून, गाइडचा हात धरून वरूनच तरंगायचं. माझ्या खालून गेलेला मांटा आमच्या पडवीएवढा रुंद होता, पंख हलवत इतक्या शांतपणे गेला की मास्कच्या आत मला रडू आलं. कोमोडोचे घोरपडीसारखे अजस्र ड्रॅगन, तीन मीटरपर्यंत वाढणारे, बेचक्याची काठी घेतलेल्या रेंजरसोबतच बघायला मिळतात. त्यांच्या चाव्यात विष असतं, अंतर राखा. पादार बेटाची टेकडी संध्याकाळी चढा.

कागदपत्रांचं थोडक्यात. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई नको, तिकीट आणि व्हिसा तिच्या पासपोर्टवर आहे त्याच नावाने काढा. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी. तिथे पोहोचल्यावर मिळणारा ३० दिवसांचा व्हिसा माणशी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, आपले अडीच-तीन हजार होतात. २०२४ पासून बालीत वेगळे १.५ लाख रुपिया भरावे लागतात. स्कूटर घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, दुकानदार विचारत नाही पण अपघात झाला की विमा कंपनी विचारते. विम्यात डायव्हिंगची खोली आणि ट्रेकची उंची किती धरली आहे ते शब्दन्‌शब्द वाचा. आणि जूनमध्ये कोकण रेल्वेवर पावसाने गाड्या रखडतात, मुंबईला एक दिवस आधी पोहोचा.

जेवणाची अडचण नाही. भात, नारळ, मासे, सगळं आपलंच. तिथल्या मिरचीच्या ठेच्यात तेरासी नावाचं कोळंबीचं वाटण असतं, पहिल्या घासाला मला आईच्या जवळ्याच्या चटणीची आठवण आली. तुम्ही शाकाहारी असाल तर तेरासी नको म्हणून आधीच सांगा, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि गादो-गादो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) यांवर पोट भरतं.

एक गोष्ट राहिली. माझी पहिली वटपौर्णिमा परदेशात गेली, सासूबाईंना रुखरुख होती. ३ जूनला आम्ही बालीतल्या उबुदमध्ये होतो. चालता चालता एका वळणावर प्रचंड वड दिसला, बुंध्याला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड गुंडाळलेलं आणि मुळाशी केळीच्या पानाच्या द्रोणात फुलं ठेवलेली. बालीत वड असाच पूजतात. मी चपला काढल्या, सुटकेसच्या कुलपाला बांधलेला लाल धागा सोडून पारंबीला बांधला आणि फोटो सासूबाईंना पाठवला. त्यांनी तो अजून फोनवर जपून ठेवलाय.

मुहूर्ताची तारीख पक्की झाली की इथेच कळवा. त्यानंतरची अष्टमी कधी पडते ते बघून तुमचे बारा दिवस मांडून देते.