एका रेषेत दिसणाऱ्या दोन ओळी

प्रश्न : मी पायथन शिकत आहे. मित्राने पाठवलेल्या फाइलमध्ये मी दुसरीकडची एक ओळ आणून चिकटवली. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ती वरच्या ओळीशी एका रेषेत दिसते, तरीही प्रोग्राम चालवला की ‘इंडेंटेशन एरर’ (समासाची, म्हणजे ओळीआधीच्या मोकळ्या जागेची चूक) येते. एडिटरमध्ये कायमची कोणती सेटिंग ठेवावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मित्राच्या ओळीआधी बहुधा एक टॅब आहे आणि आपण चिकटवलेल्या ओळीआधी चार स्पेस आहेत. आपला एडिटर टॅब चार अक्षरांइतका रुंद दाखवतो, म्हणून त्या ओळी जुळलेल्या भासतात. पायथन मात्र टॅब आठच्या पटीपर्यंत मोजतो, त्यामुळे त्याच्या लेखी पहिली ओळ आठवर आणि दुसरी चारवर आहे, आणि चारची पातळी तिथे कोणी उघडलेलीच नाही. ‘रेंडर व्हाइटस्पेस’ हे सेटिंग ‘ऑल’वर ठेवल्यास स्पेसच्या जागी ठिपका आणि टॅबच्या जागी बाण दिसेल व खात्री पटेल.

नव्या फाइलींसाठी ‘इन्सर्ट स्पेसेस’ चालू आणि ‘टॅब साइझ’ चार ठेवावे. 2001 मध्ये तयार झालेली पायथनची शैली-मार्गदर्शिका, पेप 8, हेच सांगते. टॅबची कळ खुशाल वापरावी, कारण ती दाबली की एडिटरच स्पेस घालतो. व्हीएस कोडमध्ये मुळात हीच मूल्ये असतात. परंतु ‘डिटेक्ट इंडेंटेशन’मुळे उघडलेल्या फाइलीतला समास पाहून तो त्या फाइलीपुरती आपली निवड बाजूला सारतो. चिडून हे बंद करू नये, कारण दुसऱ्याच्या फाइलीत त्याचीच पद्धत पाळणे शहाणपणाचे असते.

सर्वत्र स्पेसच, असा हट्ट मात्र चालत नाही. ‘मेक’ या साधनाच्या आज्ञा लिहायच्या मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, गो भाषेचा कोड नीट मांडणारे गोएफएमटी हे साधन टॅबच घालते, तर यॅमल या माहिती लिहायच्या फाइल-प्रकारात समासासाठी टॅब निषिद्ध आहे. (टॅबची रुंदी ज्याला त्याला हवी तशी ठेवता येते, हा टॅबच्या समर्थकांचा मुद्दा आम्हाला पटतो; पण पायथनपुरता प्रघात मोडण्याइतका नाही.) अनेकांनी मिळून लिहायचे असेल, तर प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये एडिटरकॉन्फिगची (एडिटरच्या सेटिंग लिहून ठेवायची) फाइल ठेवून भाषावार नियम त्यातच लिहावेत, व्हीएस कोडला त्यासाठी एक्स्टेन्शन बसवावे लागते.

हातातली फाइल दुरुस्त करण्यासाठी ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’ ही आज्ञा द्यावी. त्याआधी टॅबची रुंदी चार असल्याची खात्री करावी. ती आठ असेल, तर मित्राची ओळ आठ स्पेसवर जाऊन बसेल आणि तीच चूक पुन्हा दिसेल.