छतावरचं कमळ आणि गळ्यातला चौकोन

प्रश्न : ताई, माझी भाची शिकायला फ्रान्समध्ये, ल्योनला निघाली आहे. तिच्यासाठी प्रदर्शनातून अजिंठ्याच्या पद्मपाणीचं चित्र छापलेला सिल्कचा स्कार्फ घेतला. पसरला की डोळे निवतात, पण गळ्याला बांधला की चेहरा पार मोडून जातो. माझी निवड चुकली का? आणि सिल्क खरं आहे, हे कसं ओळखू?
– एक मावशी, कोथरूड

उत्तर : स्कार्फ आपण पसरून विकत घेतो आणि दुमडून वापरतो, सगळी अडचण तिथेच आहे. ९० सेंटिमीटरचा चौकोन तिरका दुमडून, पट्टी करून बांधला की दिसतात ती दोन टोकं आणि काठाचा थोडा भाग. मधलं चित्र घडीत जातं. आपल्या पैठणीच्या विणकरांना हे पक्कं ठाऊक होतं. नेसल्यावर जे दिसणार, त्या काठा-पदरावर त्यांनी जीव ओतला आणि निऱ्यांत जाणाऱ्या अंगावर बारीक बुट्टी ठेवली.

मी नारायण पेठेतल्या घरी गेली २२ वर्षं स्कार्फची नक्षी काढते. सुरुवातीला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा खिळ्यांसकट मधोमध काढला होता. एका बाईंनी तो समोरच बांधला आणि उरला फक्त तपकिरी ढीग. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून नक्षी आधी मलमलच्या तुकड्यावर उतरवते, गळ्याला बांधते, मगच रंगांकडे वळते.

म्हणून अजिंठ्याचंच काही हवं असेल तर मान वर करा. दुसऱ्या लेण्याच्या छतावर मोठं गोल कमळ आहे, भोवती वेलबुट्टीची वलयं, कोपऱ्यांत उडत्या आकृत्या. त्याला वरची बाजू नाही, खालची नाही, कुठूनही पाहा. पहिल्या लेण्याचं छत तर छोट्या चौकटींत वाटलेलं आहे, फुलं, फळं, प्राणी. दीड हजार वर्षांपूर्वी त्या चित्रकारांनी चौकोन भरण्याचं जे गणित सोडवलं, ते स्कार्फला जसंच्या तसं लागू पडतं. एर्मेस या फ्रेंच कंपनीचा १९३७ सालचा पहिला स्कार्फही जुन्या पॅरिसच्या घोडागाड्यांच्या एका बैठ्या खेळावरून घेतलेला. मध्ये गोल, भोवती गाड्यांची फेरी.

तुमचा पद्मपाणी परत करू नका. भाचीला खोलीत भिंतीवर लावायला द्या, ऊन येणार नाही अशा जागी; उन्हानं रेशीम विटतं आणि जीर्ण होतं. गळ्यासाठी दुसरा घ्या. ल्योन म्हणजे रेशमाचं गाव, नक्षी विणणारा जॅकार्ड माग तिथलाच. तिथे बायका आधी कड उलटून बघतील. चांगल्या स्कार्फची कड बोटांत गुंडाळत हातानं टाचलेली असते, किंचित फुगीर लागते. मशीनची कड सपाट आणि कडक. मग मागची बाजू पाहा, रंग आरपार उतरलेला हवा.

सिल्क ओळखायला कडेचा एक धागा ओढून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. धागा ओढवत नसेल तर केंद्रीय रेशीम मंडळाचं सिल्क मार्कचं लेबल पाहा.

आणि एक सांगू का? निघण्याआधी भाचीला घेऊन शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालयात जा. तिथले अडकित्ते आणि पाय घासायच्या पितळी वज्री निवांत पाहा. पक्षी, वेली, जोडमोर, सगळे एवढ्याशा जागेत बसवलेले. मी अजूनही अडले की तिथेच जाते.

प्रश्न : आजीची पैठणी घडीवर फाटली आहे. कापून स्कार्फ करावेत का?
– वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पदराला कात्री लावू नका. तो अख्खा ठेवा, मऊ सुती कापडात गुंडाळून, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलत. अंगाचा तुकडा मुठीत हलकेच चुरगाळून बघा. कुरकुर आवाज येऊन धागे तुटले तर ते रेशीम आता गळ्यात तग धरणार नाही. धागे टिकले तर करा. हातमागाच्या पैठणीची बुट्टी मागूनही जवळपास तशीच दिसते, त्यामुळे उलटसुलट कशीही बांधता येते. फक्त जरीचा काठ मानेला टोचतो, तो टोकांकडे जाईल असा कापा.