आधी मशीनपाशी उभी राहा

प्रश्न : मी जळगावात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीएनसी (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी मशीन) सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत जायचंय. कोडिंग जेमतेम येतं. जमेल का?
– एक विद्यार्थिनी, पाचोरा

उत्तर : जमेल, पोरी. खऱ्या मशीनवर जाण्याआधी प्रोग्रॅम स्क्रीनवर चालवायचा आणि टूल, ते धरणारा होल्डर, कापायचा तुकडा पकडणारं फिक्स्चर कुठे आदळतंय का ते बघायचं, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. एक जी०० घे, म्हणजे टूल झटकन दुसरीकडे न्यायचा हुकूम. वाटतं, टूल सरळ जाईल. पण बऱ्याच कंट्रोलरवर प्रत्येक अक्ष आपापल्या कमाल वेगाने पळतो, ज्याचं अंतर लवकर संपतं तो आधी थांबतो आणि वाट वाकते. नेमका तिथेच क्लॅम्प असला तर? मुलाखतीत मी हेच विचारतो. पुस्तकी मुलं इथे अडतात.

म्हणून सुट्टीत एमआयडीसीतली साचे बनवणारी एखादी टूलरूम गाठ. ऑपरेटरदादांना बिनधास्त विचार, ते भरभरून सांगतात. सोबत सी++ आणि मॅट्रिक्स पक्कं कर. पाच अक्षांच्या मशीनचं सगळं फिरणं मॅट्रिक्समध्येच मांडतात. कोडिंग नाहीच रुचलं, तर ॲप्लिकेशन इंजिनिअर हो. ग्राहकाच्या मशीनचं मॉडेल उभं करणं हेही तोलामोलाचं काम आहे. पुण्याला जावं लागेल, हे घरी आताच सांगून ठेव.