घडवून घेतलेला माउथपीस: ट्यूबावादकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या बी फ्लॅट ट्यूबासाठी (खर्जातलं मोठं पितळी फुंकवाद्य) मापाने माउथपीस (ओठांना लावायचा सुटा भाग) घडवून घेतला. पहिल्या दिवशी आवाज असा लागला की जुना कायमचा पेटीत टाकावासा वाटला. आठवड्याभरात कौतुक ओसरलं, आता जुनाच बरा वाटतो. पारख करायची कशी?

पहिल्या दिवसावरून निकाल देऊ नका, आणि पाचव्या दिवसावरून तर मुळीच नको. नवी रिम, म्हणजे माउथपीसची वरची गोल कड, ओठांच्या किंचित वेगळ्या जागी टेकते, त्यामुळे रोज दाब सोसणारा भाग सुटतो. शिवाय नव्या वस्तूच्या ओढीने फुंकही जरा भरून आणि लक्षपूर्वक मारली जाते. चार-पाच दिवसांनी ओठ जुन्या सवयीवर येतात आणि बिनसायला लागतं. बरेच जण नेमके इथेच माउथपीस परत पाठवतात.

सुरुवात धुण्यापासून करा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि लांब दांडीचा ब्रश पुरे. थ्रोटमधून, म्हणजे कपाच्या (आतल्या वाटीच्या) तळाच्या अरुंद भोकातून, कापसाची काडी फिरवून बघा. काळी निघाली तर पॉलिशचा लेप आत राहिला आहे. तो निघेपर्यंत वाजवू नका.

तुलनेच्या दिवशी ओठ जुन्या माउथपीसवरच पंधरा-वीस मिनिटं तापवा. नवा तोवर खिशात ठेवा, कारण थंड धातू ओठाला लावला की पहिली दोन मिनिटं फसवी जातात. मग क्रम असा ठेवा: जुना पाच मिनिटं, नवा पाच मिनिटं, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा नवा, शेवटी जुना. सरळ 'आधी जुना, मग नवा' केलं तर दमलेल्या ओठांचा दोष नव्याच्या माथी बसतो. आणि दर मिनिटाला अदलाबदल केली तर ओठ कशालाच सरावत नाहीत, दोन्ही वाईट वाटतात.

दोन्हींवर वाजवायचं तेच ते असावं:

- मधल्या पट्टीतला एक स्वर बारा सेकंद, हळू ते मोठा आणि परत हळू. आवाज कुठे फाटतो ते टिपा.
- जीभ न लावता नुसत्या श्वासाने दहा वेळा स्वर सुरू करा. दहापैकी किती लगेच बोलले, तो आकडा लिहा. 'छान वाटला' यापेक्षा 'नऊ विरुद्ध सहा' याला जास्त किंमत आहे.
- खालच्या पट्टीत जलद जिभेचे तोडलेले स्वर. इथे कप फार मोठा असेल तर सुरुवात चिखलात पाय टाकल्यासारखी होते.
- सप्तकाची उडी, न तोडता, वर आणि खाली.

ध्वनिमुद्रण करायचं तर फोन तीन-चार मीटर लांब ठेवा आणि आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय बंद करा. ती चालू राहिली तर हळू आणि मोठा यांतला फरकच पुसला जातो. त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या जाणकाराला खोलीच्या टोकाला पाठ करून बसवणं आणि कोणता माउथपीस लावलाय ते न सांगणं. तुमच्या हाडांतून तुम्हाला जे ऐकू येतं ते श्रोत्यापर्यंत पोचत नाही.

पहिले तीन दिवस नवा रोज वीस मिनिटं, पुढचे सात दिवस फक्त नवा. अकराव्या दिवशी जुना लावा. त्या क्षणी जुन्यात जे कमी वाटेल तीच नव्याची खरी बाजू. काहीच कमी वाटलं नाही, तर नव्याने तुम्हाला काही दिलेलं नाही.

प्रश्न: नवा माउथपीस रिसीव्हरमध्ये (वाद्याच्या ज्या तोंडात तो बसतो तिथे) किंचित डुगडुगतो आणि जुन्यापेक्षा बराच आत जातो. कारागीर म्हणतो, मापं बरोबर आहेत. आवाज धूसर आहे. कप बदलायला सांगू का?

कपाला हात लावू नका. कपावर फुटणारं खापर बऱ्याचदा शँकचं, म्हणजे रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या दांडीचं, असतं.

ट्यूबाच्या शँकची मापं एकच नाहीत. टोकाशी साधारण 13.2 मिमीची अमेरिकी आणि 14 मिमीच्या आसपासची युरोपीय, हे दोन मुख्य प्रकार. काही जुन्या ब्रिटिश ई फ्लॅट ट्यूबांना याहून बारीक लागते. दांडी निमुळती असते, साधारण दर 20 मिमीला व्यास 1 मिमीने वाढतो. म्हणून व्यासातला फरक लहान दिसला तरी खोलीतला वीसपट होतो: अमेरिकी आणि युरोपीय यांतला 0.7-0.8 मिमीचा फरक म्हणजे सुमारे 15 मिमी आत-बाहेर. दांडी एरवी साधारण 25 मिमी आत बसते हे लक्षात घेतलं तर गोष्ट किती बिघडते ते कळेल.

आधी डिजिटल कॅलिपरने टोकाचा बाहेरचा व्यास मोजा. मग माउथपीस बसवून रिसीव्हरच्या कडेशी दांडीवर पेन्सिलने रेघ मारा, काढा, टोकापासून रेघेपर्यंत मोजा. जुन्यावरही हेच करा.

आता डुगडुग. दांडीवर लांबीच्या दिशेने मार्करच्या चार रेघा ओढा, शाई वाळू द्या, माउथपीस हलक्या हाताने बसवून अगदी किंचित फिरवा आणि काढा. शाई फक्त टोकाशी पुसली असेल तर निमुळतेपण जुळत नाही, दांडी आतल्या बाजूलाच टेकते. फक्त रिसीव्हरच्या तोंडाशी पुसली असेल तर उलट. एका रेघेवर पुसली आणि शेजारची कोरी राहिली, तर रिसीव्हरच अंडाकृती झालाय. वाद्य पडलं की हे होतं, आणि त्याचा इलाज वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे, माउथपीसवाल्याकडे नाही.

खोलीचा प्रयोग कागदाने होतो. छपाईचा साधा कागद साधारण 0.1 मिमी जाड असतो. त्याची 15 मिमी रुंद पट्टी दांडीभोवती एकच वेढा घालून, कडा एकमेकींवर न चढवता गुंडाळा. व्यास 0.2 मिमीने वाढला, म्हणजे माउथपीस सुमारे 4 मिमी बाहेर आला. वाजवून बघा. सुरुवात स्वच्छ झाली, वरचे स्वर जागेवर 'बसायला' लागले, तर दोष सापडला. कारण असं की बऱ्याच ट्यूबांत दांडीचं टोक आणि लीडपाइपची (रिसीव्हरनंतरच्या वाद्याच्या पहिल्या नळीची) सुरुवात यांत थोडी फट असते. ती बदलली की हवेच्या स्तंभातला सांधा बदलतो. काही वाद्यांत मात्र लीडपाइपच्या तोंडाशी कडेची अशी वेगळी पायरीच नसते, तिथे फक्त खोली मोजायची. पायरी आहे का ते टोक काटकोनात वाकवलेली बारीक तार भिंतीलगत सरकवून कळतं. ती कडेला अडकते.

दांडी बारीक निघाली तर कारागिराला नवीच करावी लागेल; पितळ कापता येतं, चिकटवता येत नाही. जाड निघाली तर सोपं आहे, व्यासातून 0.2 मिमी काढलं की 4 मिमी आत जाईल. काहीही असो, तळहाताने ठोकून बसवू नका. अडकला तर पक्कड लावू नका, माउथपीस ओढण्याचं यंत्र वापरा. पकडीने पिरगळलेल्या लीडपाइपचे सांधे सुटतात.

प्रश्न: कप खोल करून घेतला. खालचे स्वर भरदार झाले, पण वरची पट्टी सगळी उतरते. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) आत ढकलली की खालचे चढतात.

हे कपाच्या आकारमानाचंच काम. अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञ आर्थर बेनाडे यांनी दाखवलं की खालच्या स्वरांना माउथपीस म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या नळीचा तुकडा वाटतो, पण स्वर जसजसा वर जातो तसा तोच माउथपीस जास्त लांब असल्यासारखा वागतो. कप मोठा केला की हा परिणाम वाढतो. स्लाइडने सगळी लांबी सारखी कमी होते, म्हणून ती इथे उपयोगी पडत नाही.

फरक मोजा. थ्रोट आतून मेणाच्या छोट्या गोळीने बंद करा, दोन्ही माउथपीसमध्ये सारख्याच जागी. सिरिंजने रिमच्या वरच्या पातळीपर्यंत पाणी भरा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर फुगवटा येऊन मोजणी चुकते. एकूण किती मिली भरलं यापेक्षा नव्या-जुन्यातला फरक महत्त्वाचा. झटपट परीक्षा हवी तर रिम तळहातावर आपटा. 'पॉक' आवाज ज्याचा खालचा, त्याचा कप मोठा किंवा थ्रोट अरुंद.

मग तक्ता करा. प्रत्येक स्वर तीनदा, ट्यूनरकडे न बघता. आकडा दुसऱ्याने लिहायचा. बघून वाजवलं तर ओठ आपोआप स्वर ओढून घेतात आणि तक्ता खोटा पडतो. पाचवा हार्मोनिक (त्याच नळीवर ओठांनी निघणाऱ्या स्वरमालेतला पाचवा स्वर) मुळातच 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, तो माउथपीसच्या खात्यावर घालू नका. पाच सेंटच्या आतले फरकही सोडून द्या.

उतार खरंच कपामुळे असेल आणि रिम फिरकीची (आट्यांवर फिरवून बसणारी, सुटी) असेल, तर कपाची वरची बाजू लेथवर थोडी उतरवता येते. 32 मिमी व्यासाला 1 मिमी उंची म्हणजे सुमारे 0.8 मिली. अर्ध्या मिमीपासून सुरू करा. फिरकीचे आटे पुरतील का, हे मात्र आधी विचारा.

प्रश्न: रिमने ओठावर लाल कडं पडतं, कधी खाजही येते. चांदीच्या मुलाम्याची ॲलर्जी असेल का?

वाजवल्यावर पडलेलं कडं अर्ध्या तासात विरलं तर तो दाब आहे. खाज, पुरळ किंवा सोलवटणं धातू टेकतो तेवढ्याच भागात राहिलं आणि दुसऱ्या दिवशीही दिसलं तर ॲलर्जीचा संशय घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच चाचणी करून घ्या. संशयित बहुधा चांदी नसते. मुलामा झिजून खालचं पितळ उघडं पडलेलं असतं, किंवा निकेल असतं. रिम दिव्याखाली फिरवा, पिवळसर ठिपका दिसला की मुलामा गेला. तात्पुरता उपाय म्हणून स्टेनलेस स्टीलकडे धाव घेऊ नका, नेहमीच्या स्टेनलेसमध्येही निकेल असतंच. टायटॅनियम, सोन्याचा जाड मुलामा किंवा डेलरिनची (एक टणक प्लास्टिक) रिम हे पर्याय. थ्री-डी छपाईची रेझिनची रिम मोजमापासाठी हाताळायला ठीक, पण पुरतं कडक न झालेलं रेझिन स्वतःच त्वचेला त्रास देतं. ओठाला लावू नका.

दाबच असेल तर आतली कडा बघा. ती धारदार असली की सुरुवात नेटकी होते, पण ओठ लवकर दमतात. फार गोल केली तर आराम मिळतो आणि स्वर घसरायला लागतो. ओठ बधिर होत असतील तर त्या दिवसापुरतं थांबा.

प्रश्न: कारागिराला बदल कसे सांगावेत? 'आवाज गडद हवा' म्हटलं तर तो नुसता हसतो.

त्याचं बरोबर आहे. गडद म्हणजे किती मिलिमीटर, हे त्याने कसं ठरवायचं? लक्षण, स्वर आणि जोर असं सांगा: 'खालच्या एफ वर, मोठ्याने वाजवताना आवाज फाटतो, हळू वाजवताना नाही.' सोबत जुना माउथपीस पाठवा, वाद्य कोणत्या पट्टीचं ते, शँकचं माप आणि आत जाण्याची खोली लिहा. क्रमांकांवर विसंबू नका. बाख या माउथपीस कंपनीच्या क्रमांकांत आकडा वाढला की व्यास घटतो, 18 चा 32.60 मिमी आणि 24 एडब्ल्यूचा 31.25. दुसऱ्या कारखान्याचा क्रमांक वेगळंच काही सांगत असेल, आणि व्यास कडेपासून किती खोलीवर मोजला यानेही आकडा हलतो.

एका वेळी एकच बदल. थ्रोट लहान ठेवून सुरुवात करा, 0.1 मिमीच्या टप्प्यांनी वाढवा. मोठा झालेला परत लहान होत नाही. मुलामा शेवटी, सगळं ठरल्यावर. मध्येच केला तर पुढच्या प्रत्येक कापणीनंतर पुन्हा करावा लागतो.

प्रश्न: बी फ्लॅट आणि एफ, दोन्ही ट्यूबांना एकच माउथपीस चालेल का?

एकच रिम चालेल, एकच कप सहसा नाही. फिरकीची रिम घ्या आणि कप व शँक दोन ठेवा. एफ ला कप उथळ. आटे हाताने लागतील तेवढेच आवळा आणि वरचेवर पुसा. आट्यांत लाळेचे क्षार साचले की रिम पूर्ण बसत नाही, सांध्यातून हवा निसटते आणि खालचे स्वर फुसफुसतात. नवा माउथपीस अचानक बिघडल्यासारखा वाटला तर आधी तिथेच नख फिरवून फट लागते का ते बघा.